फिन घातले म्हणून पोहणं सोपं होत नाही : वाचकांचे प्रश्न, तलावाकाठची उत्तरं

मागच्या सदरात शेवटी मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या की फिनस्विमिंगच्या, म्हणजे पायात माशाच्या परासारखे फिन घालून पोहायच्या खेळाच्या, वर्ल्ड चॅम्पियनशिपचे व्हिडिओ शोधून बघा, घरातल्या पोरांना दाखवा. तेवढ्यावर इतके प्रश्न आले की या वेळी दुसरा विषय घेताच येत नाही. बेळगाव शहरातनं आले, खानापूर, निपाणी, चिकोडी साइडनं आले, हद्दीपलीकडनं चंदगडकडनंही दोघांनी लिहिलंय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम घातलेली नाहीत, गावाचं नाव तेवढं ठेवलंय.

सर, मुलगा बारा वर्षांचा आहे, तीन वर्षं पोहायला जातोय. तुमचं वाचून त्याला व्हिडिओ दाखवला आणि आता त्याला तेच माशाचं शेपूट पाहिजे म्हणून रोज भुणभुण. त्याचे आजोबा म्हणतात हे सर्कशीतलं काहीतरी दिसतंय. हा खरंच खेळ आहे का, ऑलिम्पिकला असतो का? — एक आई, शहापूर

वहिनी, आजोबांना सांगा की सर्कस नाही, खेळच आहे आणि चांगला जुना आहे. पाण्याखालच्या सगळ्या खेळांची जागतिक संघटना म्हणजे सीएमएएस (CMAS), ती १९५९ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते झाक-इव्ह कुस्तो, समुद्राच्या तळाचे सिनेमे काढणारे तेच कुस्तो. फिनस्विमिंगची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप १९७६ ला जर्मनीत हॅनोव्हरला झाली. अलीकडची सांगायची तर २०२२ ला कोलंबियात काली इथं झाली, २०२४ ला सर्बियात बेलग्रेडला झाली. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ अजून नाही, पण ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळांचे जे वर्ल्ड गेम्स भरतात त्यात तो १९८१ पासून आहे, २०२५ ला चीनमधे चेंगडूला झालेल्या वर्ल्ड गेम्समध्येही होता. रशिया, चीन, हंगेरी, इटली, दक्षिण कोरिया, कोलंबिया हे यातले दादा देश, आणि आपल्या आशियात व्हिएतनामची पोरं फार पुढं गेलीत.

आता तुमच्या मुलानं जे बघितलं तो मोनोफिन, म्हणजे दोन्ही पाय एकाच रुंद पात्यात अडकवलेले. हात पुढं ताणून एकावर एक, डोकं दोन दंडांच्या मधे, आणि छातीपासनं पायापर्यंत एकच लाट जाते, हात हलतच नाहीत. यात तीन प्रकार. सरफेस म्हणजे पाण्यावरनं, ५० मीटरपासनं १५०० मीटरपर्यंत, तोंडात नळी म्हणजे स्नॉर्कल असते, आणि शरीराचा किंवा फिनचा काहीतरी भाग सतत पाण्याच्या वर दिसला पाहिजे, फक्त उडी मारल्यावर आणि वळल्यावर १५ मीटर पाण्याखालनं जायची मुभा. ॲप्निया म्हणजे ५० मीटर एका दमात, पूर्ण पाण्याखालनं, तोंड वर काढलं की बाद. आणि इमर्शन म्हणजे हवेची छोटी टाकी दोन्ही हातांनी पुढं धरून पाण्याखालनं १०० किंवा ४०० मीटर. चौथा प्रकार बाय-फिन, त्यात दोन पायांत दोन वेगळे फिन आणि वर हातानं फ्रीस्टाइल मारायची.

पोराला सुरुवात करायची ती या चौथ्यापासनं. मोनोफिन आत्ता घेऊन देऊ नका. बारा वर्षांच्या पोराचे घोटे आणि कंबर अजून तयार होतायत, आणि ज्याची साधी डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून एकदम मारायची किक, गुडघ्यातनं मोडते त्याला मोनोफिन दिला की ती चूक दहापट मोठी होते, मग ती काढायला दोन वर्षं जातात. मऊ रबरी छोटे फिन घ्या, आठवड्यातनं दोनदा, शेवटचा अर्धा तास तेवढाच. बाकी वेळ नेहमीचं पोहणं चालू ठेवायचं. त्याला सांगा की शेपूट मिळणार, पण हात न लावता पाठीवर पडून पन्नास मीटर डॉल्फिन किक नीट मारून दाखवलास की मग.

फिन लावून पोहणं म्हणजे चीटिंगच झालं ना? सगळं फिनच करतंय, आपण काय करतोय? — कॉलेजचा विद्यार्थी, टिळकवाडी

मित्रा, मग सायकल रेसिंगही चीटिंग झाली की. फरक किती पडतो ते आकड्यात बघ. साध्या फ्रीस्टाइलला ५० मीटरचा पुरुषांचा जगातला सर्वात चांगला टाइम साधारण २१ सेकंदाचा आहे, मोनोफिन घालून एका दमात तेच ५० मीटर १४ सेकंदांच्या आत मारलेत. शंभर मीटर फ्रीस्टाइलला चीनच्या पॅन झानलेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४६.४० सेकंदाचा टाइम मारला तेव्हा जग उठून उभं राहिलं, मोनोफिनवाले सरफेसचे १०० मीटर ३५ सेकंदांच्या आत मारतात. पाण्यात माणूस स्वतःच्या ताकदीवर यापेक्षा जोरात पोहूच शकत नाही, कुठल्याही दुसऱ्या प्रकारानं नाही.

आणि तू काय करतोस विचारलंस ना, एकदा तो पाता घालून बघ. पहिल्या पंचवीस मीटरला मजा येते, दुसऱ्याला पोटऱ्या बोलायला लागतात, चौथ्याला पोटाचे आणि कमरेचे असे स्नायू दुखायला लागतात जे आपल्याला आहेत हेच माहीत नसतं. पात्याला मागं पाणी ढकलायचं असतं आणि तेवढंच पाणी तुझ्या पायावर उलट दाबत असतं. फिन ताकद देत नाही रे, तुझीच ताकद वाया जायची ती थांबवतो एवढंच.

सर नमस्कार. खानापूर तालुक्यातनं लिहितोय, शेती आहे. पोरगं सोळा वर्षांचं, लहानपणापासनं आमच्या विहिरीत पोहतंय, बुडी मारलं की मिनिटभर वर येईना, आम्हालाच जीव खाली-वर. गावातली पोरं घड्याळ लावून बसतात. ते तुम्ही ॲप्निया म्हणून लिहिलंय त्यात आमच्या पोराला घालता येईल काय? — एक शेतकरी

काका, तुमच्या पत्रानं मला माझी स्वतःची विहीर आठवली. कमरेला डबा बांधून आत ढकललेलं, मग डबा सुटला, मग तळाला जाऊन मूठभर चिखल वर आणून दाखवायचा, नाही आणला तर पोरं म्हणायची अर्ध्यातनं आलास. आपल्या भागातली निम्मी पोहणारी माणसं अशीच तयार झालीत, आणि तुमच्या पोराच्या अंगात पाण्याची भीती नाही ही लाखमोलाची गोष्ट आहे. त्याला जरूर घाला. पण आधी दोन गोष्टी समजून घ्या, आणि दुसरी गोष्ट कृपा करून त्याला समोर बसवून वाचून दाखवा.

पहिली अशी की ॲप्नियाची शर्यत दम किती वेळ धरता याची नसतेच. वर सांगितलं तसं ५० मीटर चौदा सेकंदाच्या आसपास संपतात, नवशिक्या पोराला वीस-पंचवीस लागतील. तेवढा दम कुणाकडंही असतो. शर्यत आहे वेगाची. विहिरीत तळाशी गप बसलेल्याला मिनिटभर दम पुरतो कारण अंग शांत असतं, आणि इथं मांड्या, पोट, कंबर, सगळी मोठी यंत्रं फुल्ल चालू असतात, तिथं ऑक्सिजन कुठल्या कुठं उडून जातो. तेव्हा पोराचं ते मिनिट इथं कामाला येईल असं धरून चालू नका. कामाला येईल ती त्याची पाण्यातली सवय, पाण्याखाली डोळे उघडे ठेवून न घाबरता सरळ जाणं.

दुसरी गोष्ट. हे मी लिहू का नको असा बराच विचार केला, पण लिहितोय.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका तलावावर मी पोरांची संध्याकाळची बॅच घेत होतो. तुमच्या पोराच्याच वयाचा एक होता, फार गुणी पोरगा, पाण्याखालनं पंचवीस मीटरचे सेट चालले होते. मी समोरच्या टोकाला स्टॉपवॉच घेऊन उभा. सुटायच्या आधी त्यानं भिंतीला धरून दहा-बारा मोठे मोठे श्वास घेतले, भात्यासारखे, मी बघितलं, आणि मी काही बोललो नाही. बोललो नाही, हे मला आजही सलतं. तो सुटला, झक्कास लाट मारत आला, तळाला जी काळी पट्टी असते ना, तिच्या शेवटी आडवी रेघ असते, तिथपर्यंत आला आणि पाय थांबले. हात तसेच पुढं ताणलेले. अंग सरळ. मला वाटलं ग्लाइड करतोय, म्हणजे किक न मारता नुसता सरकतोय. दोन सेकंद मी त्या ग्लाइडचं कौतुक करत उभा होतो काका. मग तोंडातनं बुडबुडे आले आणि डोकं हळूच खाली झुकलं. मी बुटासकट उडी मारली. वर काढला तेव्हा ओठ निळे होते. चेहरा वर धरला, चष्मा काढला, गालावर थापट्या मारून नावानं हाका मारल्या, आणि थोड्या वेळानं त्यानं जोरात श्वास ओढला. डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलला, "सर, टाइम किती?"

त्याला काही कळलंच नव्हतं. दुखलं नाही, घाबरला नाही, दम लागला असंही वाटलं नाही. यालाच ब्लॅकआउट म्हणतात आणि याचं कारण प्रत्येक विहिरीवरच्या पोराला माहीत पाहिजे. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. आधी भराभर मोठे श्वास घेतले की तो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली गेल्यावर वर ये वर ये म्हणून सांगणारी घंटाच वाजत नाही, ऑक्सिजन संपतो, मेंदू बंद पडतो. जो पोरगा जास्त जिद्दीचा, ज्याला वर यायचं नसतं, तोच यात जातो.

तेव्हा तुमच्या विहिरीवर आजपासनं हे बंद. सुटायच्या आधी भाता मारायचा नाही, एक-दोन साधे श्वास आणि मग एक मोठा, बस. घड्याळ लावून पैज नाही. एकट्यानं बुडी कधीच नाही, आणि दोघांनी एकाच वेळी नाही, एक खाली असला की दुसरा फक्त बघत बसणार, मोबाइल बाजूला ठेवून. एकदा गेलं की लगेच परत नाही, मधे चांगली पाच मिनिटं. आणि कुणी असं गप झालं तर आधी पाण्याबाहेर काढायचं, श्वास नसेल तर तोंडावाटे श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करायचं आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. हे सीपीआर नुसतं वाचून येत नाही, तालुक्याला कुठं ट्रेनिंग असलं की घरातल्या दोघांनी तरी जाऊन शिका. पोटात पाणी गेलं म्हणून उलटं टांगून गरगर फिरवतात ते करू नका, त्यात नेमका जगायचा वेळ जातो.

पोराला मला एकदा दाखवायला आणा. शनिवारी सकाळी आणलंत तर बरं.

मी उद्यमबागला वर्कशॉपमध्ये आहे, फायबरग्लासचं काम रोजचं. बाहेरचा मोनोफिन लई महाग दाखवतंय. इथंच बनवता येणार नाही का? मापं मिळाली तर प्रयत्न करतो. — एक कारागीर, अनगोळ

हे पत्र वाचून मी खरंच खुश झालो. बनवता येईल. या खेळाचा जन्मच असा झालाय, फ्रान्सच्या नौदलातले लुई द कोर्लिय यांनी पायात घालायच्या फिनचं पेटंट १९३३ ला घेतलं तेही अशीच खटपट करत करत, आणि मोनोफिन तर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत युनियनमधल्या पोहणाऱ्यांनी आणि कोचनी मिळूनच घडवला. आजही जगातले बरेच मोनोफिन मोठ्या फॅक्टरीत होत नाहीत, छोट्या वर्कशॉपात हातानं होतात.

स्पर्धेला चालायचा तर रुंदी जास्तीत जास्त ७६० मिलिमीटर, लांबी ७६०, आणि उंची १५० मिलिमीटर, याच्या बाहेर गेलं की आत सोडत नाहीत, पंच चौकटीत घालून बघतात. पण मापं ही सोपी गोष्ट आहे, खरी गंमत जाडीत आहे. पाता सगळीकडं सारखा जाड असला तर तो फळीसारखा वागतो, पाय मोडून घ्यायचं काम. पावलापाशी जाड आणि कडेला जाता जाता पातळ होत गेला पाहिजे, म्हणजे कापडाचे थर एकाखाली एक आखूड आखूड करत घालायचे, पायापाशी जास्त थर, टोकाला दोन-तीनच. असं केलं की पाता आधी टोकाला वाकतो, मग मधे, मग मुळाशी, आणि परत येताना चाबकासारखा सुटतो. थर किती ते मी सांगू शकत नाही, ते पोहणाऱ्याच्या ताकदीवर असतं, म्हणून मऊ, मध्यम, कडक असे वेगवेगळे मिळतात. तुम्ही सगळ्यात मऊपासनं सुरू करा. ऊस बघितलाय ना वाऱ्यात, बुडखा हलत नाही आणि शेंडा झुलतो, तसं पाहिजे.

दुसरी अडचण पावलाच्या कप्प्याची. तो रबराचा असतो, पात्याशी जरा कोनात बसवतात म्हणजे पाय पूर्ण न ताणताही पाता शरीराच्या रेषेत राहतो. आणि तो घट्ट पाहिजे, इतका घट्ट की पोहणारे साबणाचं पाणी नाहीतर शाम्पू लावून पाय आत सरकवतात, मीच माझ्या पोरांच्या टाचा धरून ढकलल्यात. घातल्यावर पाच मिनिटांत बोटं बधिर होतात, काढल्यावर अंगठ्याच्या बाजूला फोड. सैल ठेवला तर वळताना पाय आतल्या आत फिरतो आणि घोटा जातो. जुन्या फिनचे रबरी कप्पे मिळाले तर ते कापून वापरा, पहिल्यांदा तरी स्वतः ओतायला जाऊ नका.

आणि कडा. कडांना रबराची पट्टी शंभर टक्के लावा. फायबरग्लासचं कूस अंगात गेलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, पाण्यात मऊ झालेल्या कातडीत ते कापसात सुई गेल्यासारखं शिरतं, शिवाय शेजारच्या लेनमधल्या पोराच्या डोक्याला उघडी कड लागली तर टाकेच. दर आठवड्याला कडेवरनं बोट फिरवून बघायचं, थर सुटायला लागला की पाता बाजूला.

बाय-फिन मात्र घरी करायच्या भानगडीत पडू नका. त्यात सीएमएएसनं पास केलेले, शिक्का असलेलेच चालतात. बाहेरनं मागवलेला चांगला मोनोफिन पंचवीस-तीस हजारांच्या पुढंच जातो, वर कस्टम ड्युटी, म्हणून तुमच्यासारख्यानं हात घातला तर आमच्या पोरांचं भलं होईल. पहिला झाला की घेऊन या, तलावावर मी स्वतः घालून बघतो. आमच्या एका तलावावर फिन घेऊन आत येऊ देत नव्हते, फरशा फुटतील म्हणून, सहा महिने रोज पहाटे जाऊन एका लेनमध्ये घासून दाखवलं तेव्हा कुठं सोडलं, तेव्हा ती पण तयारी ठेवा.

मी निपाणीची, अकरावीत आहे. स्विमिंगला डिस्ट्रिक्टपर्यंत खेळले. मला फिनस्विमिंगमध्ये इंटरनॅशनल खेळायचंय. कोल्हापूर आम्हाला जवळ पडतं, बेळगाव लांब, घरी वाद चाललाय की महाराष्ट्रातनं खेळायचं की कर्नाटकातनं. इंटरनॅशनलला कुठनं जातात? — एक मुलगी, निपाणी

बाळा, तुझं पत्र सगळ्यात शेवटी आलं आणि सगळ्यात जास्त वेळा वाचलं. हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या पोरीला पडत नाही, बेंगळूरच्या पोरीला पडत नाही, तो आपल्यालाच पडतो.

वर्ल्ड चॅम्पियनशिपला देशाची टीम जाते. तिथं टोपीवर झेंडा असतो, राज्य नसतं, तुझं घर दूधगंगेच्या अलीकडं का पलीकडं हे कुणी विचारत नाही. सीएमएएसचं वर्ल्ड कप म्हणून जे असतं ते वेगळं, ती वर्षभरातली फेऱ्याफेऱ्यांची मालिका असते आणि तिथं क्लबच्या नावानं उतरता येतं, युरोपातले क्लब बसनं पोरं घेऊन जातात. ज्युनियरच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपही वेगळ्या होतात, १४ ते १७ वयाच्या, म्हणजे तुझ्या हातात वेळ फार नाही, आत्ताच उठायला पाहिजे. भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना नॅशनल भरवते, तिथं राज्याच्या नावानं जावं लागतं आणि तिथनं निवड होते.

राज्याचं म्हणशील तर सरावाला कुठंही जा. चाळीस किलोमीटरवर कोल्हापूर असताना पहाटे पंचाहत्तर किलोमीटर बेळगावला यायचं काही कारण नाही, पाण्याला राज्य नसतं. पण नोंदणी एकाच ठिकाणी करायची. दोन्हीकडं नाव घालून बघू म्हणतात काही पालक, तसं अजिबात करू नका, एक दिवस कागद समोरासमोर येतात आणि पोरीचं वर्ष जातं. पत्ता निपाणीचा, कॉलेज निपाणीचं, तर कर्नाटक सरळ पडेल असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नको, बाबांना सांग दोन्ही राज्यांच्या संघटनेला एकच ईमेल टाकून लेखी उत्तर घ्यायला. फोनवरचं "होय होय, चालतंय की" उद्या कामाला येत नाही.

आणि आत्ता याच आठवड्यात करायचं काम म्हणजे कागद. आपल्याकडं जन्माचा दाखला कन्नडमधनं, शाळेचा दाखला मराठीतनं, आधारवर इंग्रजीत कुणीतरी टाइप केलेलं. कुठं आडनाव आधी, कुठं नुसतं इनिशियल, कुठं वडिलांचं नावच आडनाव म्हणून छापलेलं, नावात एक 'ए' जास्त नाहीतर एक कमी. माझ्या एका चांगल्या पोरीचा पासपोर्ट याच्यावर अडकला, टीममध्ये नाव लागलेलं असताना, आणि ती ऐन स्पर्धेच्या आठवड्यात तलावावर येऊन काठावर बसायची, पाण्यात उतरायची नाही. तेव्हा सगळे दाखले जेवणाच्या ताटासारखे समोर मांड, स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळव, जिथं चुकलंय तिथं आत्ता दुरुस्ती घाल, आणि पासपोर्ट काढून ठेव, तिकीट लागायची वाट बघू नको.

मेडिकल सर्टिफिकेट लागतंच, कान आणि छाती नीट तपासून घे. कानाचा पडदा फुटलेला असेल तर फिन बाजूला ठेवून आधी डॉक्टर. आणि औषधं. सीएमएएसच्या स्पर्धेला डोपिंगची तपासणी असते, सर्दीच्या साध्या गोळ्यांतही कधी कधी बंदीचं काहीतरी असतं, तेव्हा मेडिकलमधनं मनानं गोळी नाही, डॉक्टरला आधी सांगायचं की मी खेळाडू आहे.

सरावाचं विचारायला आईनंही चिठ्ठी जोडलीय, पाळीच्या दिवसात चालतं का म्हणून. चालतं आई, ती नेहमीच्या पोहण्यात काय करते तेच इथं, दुखत असेल तर सुट्टी, नसेल तर पाण्यात.

वय अठ्ठावन्न, रिटायर शिक्षक, गुडघे कुरकुरतात. फिन घालून पोहलं तर चालेल का? — कंग्राळी

गुरुजी, छोटे मऊ फिन चालतील, मोनोफिन नको. लांब कडक फिन गुडघ्याला खेचतात. पाठीवर पडून हळू हळू किक, दहा मिनिटं, दुसऱ्या दिवशी गुडघा काय म्हणतो ते बघा आणि मग वाढवा. आंतरराष्ट्रीय म्हणाल तर या खेळात मास्टर्सच्या, म्हणजे मोठ्या वयाच्यांच्याही स्पर्धा होतात, पांढऱ्या केसांची माणसं मोनोफिन घालून उतरतात, पण ती तरुणपणापासनं करत आलेली. पोटरीत गोळा आला तर तिथंच थांबून पायाची बोटं अंगाकडं ओढायची, ओढत किनाऱ्याला जाऊ नका.

सर मी सातवीत आहे. १) त्यांच्या हातातल्या टाकीत ऑक्सिजन असतो का? २) रेस चालू असताना नळीत पाणी गेलं तर काय करतात, थांबतात का? — येळ्ळूर

शाब्बास. दोन्ही प्रश्न कुणा मोठ्या माणसानं विचारले नाहीत.

टाकीत ऑक्सिजन नसतो, तू आत्ता घेतोयस तीच साधी हवा दाबून भरलेली असते. जास्त ऑक्सिजन मिसळायला बंदी आहे.

नळीत पाणी जातंच, प्रत्येक वेळी जातं. उडी मारली की नळी भरते, प्रत्येक वळणावर परत भरते. १५०० मीटरला पन्नासच्या तलावात २९ वळणं, म्हणजे उडी धरून तीस वेळा नळी भरणार आणि तीस वेळा रिकामी करायची. थांबायचं नाही, डोकं वर काढायचं नाही. पाण्याखाली असताना छातीत हवा राखून ठेवायची, आणि नळीचं टोक पाण्याबाहेर आलं की एकदम जोरात फुंकर, फुर्रर, देवमाशासारखं पाणी वर उडतं. मग पहिला श्वास अगदी हळू, कारण थोडं पाणी आत राहिलेलं असतं, ते जिभेनं अडवायचं. नळी आतनं १५ ते २३ मिलिमीटर रुंद आणि ४३० ते ४८० मिलिमीटर लांब, एवढीच चालते. फार बारीक असली तर हवा पुरत नाही, फार लांब असली तर आपणच सोडलेली हवा परत आपणच आत घेतो.

तुला करून बघायचं असेल तर तलावाच्या उथळ बाजूला, छातीएवढ्या पाण्यात, बाबा शेजारी उभे असताना. दोन्ही हातांनी काठ धरायचा, नळी तोंडात, डोकं पाण्यात, नळी पूर्ण बुडवायची, तीन मोजायचे, वर आणायचं, फुंकर. पहिल्यांदा पाणी नाकात जाणार, खोकला येणार, ते सगळ्यांना होतं. दहातनं आठ वेळा न खोकता जमलं की काठ सोडून कर.